दोन सह्यांचं खातं

ओस्बी, नॉर्थ डकोटा
शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय सेल्मर,

पाकिटावरचं अक्षर बघून तू जरा थबकला असशील. तरीही पाकीट फोडलंस, त्याबद्दल आधीच आभार मानते. तुझी लॉरेन गेली तेव्हा मी कार्ड पाठवलं होतं, त्यानंतर आपल्यात एका ओळीचीही देवाणघेवाण नाही. त्या कार्डावर माझी एकटीची सही होती, हे तुझ्या नजरेतून सुटलं नसणार. मी ऑर्लिनपुढे, तुझ्या सख्ख्या भावापुढे, ते कार्ड दोनदा ठेवलं होतं. दोन्ही वेळा तो उठून गोठ्याकडे निघून गेला. चूक त्याची होती, लाज मात्र मला वाटली. त्याच्या वतीने माफी मागायला मी आज बसलेले नाही. ज्याची माफी त्याने मागावी, आणि ते आता त्याच्याकडून होणं नाही.

तो आजारी आहे, सेल्मर. विसरण्याचा आजार, चौथं वर्ष चालू आहे. त्यात या उन्हाळ्यापासून हृदयही थकलंय. ग्रँड फोर्क्सच्या डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नाहीत. मी विचारलं, ‘‘पुढच्या वर्षीची पेरणी बघतील का हो हे?’’ तर म्हणाल्या, ‘‘मी तुमच्या जागी असते तर ख्रिसमसची तयारी यंदा लवकर केली असती.’’ मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि ऑर्लिनच्या सीटचा पट्टा लावला. तो म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. माझी बायको कुठे राहिली?’’

तुला आधी कळवलं नाही, कारण समजत होतं तोवर त्याने मला बजावलं होतं, ‘‘ॲरिझोनाला एक शब्द कळवलास तर याद राख.’’ आणि समजेनासं झालं तेव्हा मला वाटलं, आता कळवून काय उपयोग. तुमच्या ट्वेट घराण्यात लग्न होऊन आल्यापासून मूग गिळून बसणं मलाही चांगलं जमायला लागलंय. फोन करणार होते, पण तुझा जुना नंबर लागत नाही. पत्ता चर्चच्या ख्रिसमस कार्डांच्या यादीतून मिळाला. आणि खरं सांगायचं तर माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास तर मला पुन्हा करायचा धीर झाला नसता.

इकडची खबर म्हणशील तर यंदा साखरेचं बीट चांगलं निघालं, भाव मात्र पडला. चर्चमध्ये आता दर रविवारी पाद्री येत नाहीत, तीन गावांत मिळून एक आहेत. आणि बँक बंद झाली. त्यालाही पाच वर्षं झाली, पण तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. दगडी इमारत आहे तशीच आहे. दारावरची अक्षरं खरवडून काढलीत, तरी ऊन तिरपं पडलं की नाव वाचता येतं. आत केल्सीचं केस कापायचं दुकान आहे. तिजोरीच्या खोलीत ती शांपूच्या बाटल्या ठेवते. तू तिला ओळखणार नाहीस, पलीकडच्या रस्त्यावरच्या लोवेलची नात.

बँक एका दिवसात गेली नाही. दात पडतात तशी एकेक करत गेली. आधी पासबुकं बंद केली. मग मिनिआपोलिसच्या कुठल्याशा मोठ्या बँकेने ती विकत घेतली. मग शुक्रवारची कॉफीची किटली आणि आल्याची बिस्किटं गेली, मुलांच्या लॉलिपॉपचं भांडं गेलं, भिंतीवरचं कॅलेंडर गेलं. आर्डिस निवृत्त झाली, तिच्या खिडकीत दुसरं कुणी आलंच नाही. बाहेरच्या भिंतीत पैसे काढायचं मशीन बसवलं. उणे तीसमध्ये हातमोजा काढून उभं राहायचं, आणि बोटं गारठली की मशीनला ती बोटं वाटतच नाहीत. मग एक दिवस पत्र आलं. ‘आपल्या सोयीसाठी’ ओस्बीची शाखा बंद करण्यात येत आहे. कुणाच्या सोयीसाठी, ते मी पत्राच्या मागेपुढे शोधलं. जवळची शाखा आता ग्राफ्टनला, चाळीस मैलांवर. आमची जॅनेल सुट्टीत घरी आली तेव्हा तिने माझ्या फोनवर ते ॲप घालून दिलं. बोट ठेवलं की उघडतं, दोन मिनिटांत वीजबिल भरून होतं. पैसे आले काय, गेले काय, कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरातला माझा पगार वेगळ्या खात्यात ठेवावा म्हणून मी हॉगन मॅनेजरकडे गेले होते. तो हसून म्हणाला, ‘‘व्हर्ना, ऑर्लिनला घेऊन ये ना. त्याची सही लागेल.’’ बटाटे सोलले मी, हात भाजले माझे, आणि सही ऑर्लिनची! मी घरी येऊन तीन दिवस कुणाशी बोलले नाही. पण तुमच्या घरात सगळेच कमी बोलायचे, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. याच हॉगनने पुढे त्या वाईट वर्षांत, जेव्हा दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या शेताचा लिलाव होत होता, आपल्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचा ॲपल पाय खाल्ला आणि उठताना म्हणाला, ‘‘पुढच्या सुगीपर्यंत मी तुमच्या कर्जाचे कागद शोधत राहतो, सापडायला वेळ लागेल.’’ माणूस होता. चांगला वागायचा तोही माणसासारखा, वाईट वागायचा तोही माणसासारखाच. मिनिआपोलिसवाल्यांना ॲपल पाय खायला बोलवायचं तरी कुठे?

मला मत्सर वाटायचा तो आर्डिसचा. आता ती नाही, म्हणून लिहिते. आर्डिस देखणी नव्हती, नाकावर साखळीचा चष्मा आणि खांद्यावर तो शेवाळी स्वेटर. पण ऑर्लिन तिच्या खिडकीपुढे गेला की टोपी काढायचा. घरात जेवायला बसला तरी टोपी काढताना मी त्याला कधी पाहिलं नाही. आणि तिथे तो बोलायचा. घरी विचारावं, ‘‘गाय व्याली का?’’ तर ‘‘हं.’’ एकदा मी रांगेत त्याच्या मागे दोन माणसं सोडून उभी होते, तर हा तिला सांगतोय की वासरू उलटं आलं, हात कोपरापर्यंत आत घालावा लागला, मग ते कसं थरथरत उभं राहिलं. आर्डिस नोटा मोजता मोजता ‘‘अगंबाई!’’ म्हणत होती. त्या रात्री मी जेवण वाढताना भांडी जरा जास्तच आपटली. त्याने विचारलं, ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘हं.’’

आजार कळला तोही बँकेमुळेच. एका शुक्रवारी केल्सीचा फोन आला. ‘‘व्हर्नाकाकू, ऑर्लिनकाका आलेत. मी म्हटलं बसा, केस कापते, तर म्हणतात मला आर्डिसशी काम आहे. हातात चेक आहे. काय करू?’’ मी गेले. तो काउंटरपुढे टोपी हातात घेऊन उभा होता. मागे खुर्चीत हेल्गाच्या सुनेच्या केसांना चांदीचा कागद लावलेला, आणि ती आरशातून त्याच्याकडे बघतेय. मी त्याच्या कोपराला धरलं तर तो मला म्हणाला, ‘‘रांग आहे, मागे उभी राहा.’’ केल्सी भली पोर. पुढे कित्येक शुक्रवार तिने त्याला उभं राहू दिलं. तो चेक म्हणून किराण्याची पावती द्यायचा, केल्सी ती गल्ल्यात ठेवून त्याला लॉलिपॉप द्यायची. पण हळूहळू त्याचं निघणं होईना, तिचंही गिऱ्हाईक अवघडायला लागलं, आणि मी त्याला न्यायचं बंद केलं.

मग सगळे व्यवहार माझ्या गळ्यात आले. खातं त्याच्या नावावर, बँकेला फोन केला की यंत्र म्हणायचं एक दाबा, दोन दाबा. शेवटी एक मुलगी आली, आवाजावरून जॅनेलपेक्षाही लहान. म्हणाली, ‘‘मॅडम, सुरक्षेचा प्रश्न आहे. खातेदाराच्या पहिल्या कुत्र्याचं नाव सांगा.’’ आता तुमच्या घरात आजोबांपासून प्रत्येक कुत्र्याचं नाव शेप! एक मेला की दुसरा शेप. मी म्हटलं, ‘‘शेप.’’ म्हणाली, ‘‘जुळत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘बाळ, मी त्याची बायको आहे. त्रेपन्न वर्षं झाली.’’ ती म्हणाली, ‘‘हो मॅडम, पण सिस्टिमला ते दिसत नाहीये.’’ तिचा काय दोष? तिने मला बघितलेलंच नाही. वकिलाचे कागद घेऊन ग्राफ्टनला दोन खेपा झाल्या तेव्हा कुठे ते मिटलं. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी ऑर्लिनकडे बघत बसले. तो खिडकीतून चिमण्या बघत होता. त्रेपन्न वर्षं एका माणसाची बायको आहे हे सांगायला मला आता कुत्र्याचं नाव लागणार, आणि तेही मला ठाऊक नाही. मला इतकं एकटं वाटलं की कोट घालून मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

आता जे लिहिते ते जॅनेलला आवडत नाही, चर्चमध्ये कुणाला ठाऊक नाही. आपल्या स्वयंपाकघर आणि जेवणाच्या खोलीमधली ती चौकोनी खिडकी तुला आठवत असेल, ताटं सरकवायची. मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी आत लेफ्सेच्या बटाट्याच्या पोळ्या लाटत होते. हात पिठाने भरलेले, चष्मा नाकावर घसरलेला. पलीकडून ऑर्लिन आला, खिडकीपुढे थांबला आणि त्याने टोपी काढली. ‘‘नमस्कार, आर्डिस. थंडी वाढली ना?’’ माझं लाटणं थांबलं. मी सांगू शकले असते, अरे मी व्हर्ना. रोज सांगतच होते, आणि रोज तो घाबरायचा. पण त्या खिडकीपुढे तो घाबरलेला नव्हता. खांदे सरळ, चेहरा मोकळा, जुना ऑर्लिन. मी हात पुसले आणि म्हटलं, ‘‘नमस्कार, ऑर्लिन. काय देऊ आज?’’ तो म्हणाला, ‘‘चाळीस दे. दहाच्या दे हो, मोठी नोट नको. व्हर्नाला मोठी नोट आवडत नाही.’’

त्याला हे माहीत होतं, सेल्मर. मी कधी सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी दहाला आमच्याकडे बँक उघडते. त्याच्या टेबलाच्या खणात बँकेच्या जुन्या कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा निघाला. तुम्हा भावांना काहीही फेकवत नाही, म्हणून बरं. मी शेवाळी नाही पण हिरवा स्वेटर घालते, चष्म्याला साखळी लावलीय. जॅनेल फोनवर चिडली, ‘‘आई, तू बाबांना फसवतेयस. डॉक्टरांना विचारलंस का?’’ मी म्हटलं, ‘‘तुझ्या बाबांना मी नुसते चाळीस डॉलर देते, तेही त्यांच्याच पाकिटातले.’’ पण खरं कारण मी तिला सांगितलं नाही. त्या खिडकीपुढे तो बोलतो. आयुष्यभर ज्याच्या तोंडून ‘हं’ ऐकलं, तो मला बर्फाचं सांगतो, गव्हाचं सांगतो, तुझ्याबरोबर ओढ्यात मासे धरल्याचं सांगतो. आणि माझ्याबद्दल सांगतो. एकदा स्लिप भरता भरता म्हणाला, ‘‘आर्डिस, माझ्या बायकोने बँकेचं काही कधी बघितलेलं नाही. मीच बघू दिलं नाही. मी आधी गेलो तर तू तिला नीट समजावून सांगशील ना? तिला त्या मशीनपुढे उभी करू नकोस. ती चिडते, मग रडते, आणि रडलेलं कुणाला दिसू देत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘बघेन हो मी तिच्याकडे.’’ तो म्हणाला, ‘‘फार गुणाची आहे. पण तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.’’ मी पेन पडल्याचं निमित्त करून खाली वाकले, आणि बराच वेळ वर आले नाही. मला राग आला होता, सेल्मर, आनंद नंतर झाला. आर्डिसला सांगितलंस, मेल्या, मला सांगायला काय झालं होतं?

इथवर मी हे कुणाला लिहिलं नसतं. ते माझं होतं, माझ्यापाशीच ठेवलं असतं. पण बीट निघाल्यापासून काहीतरी बदललंय. आता त्याला चाळीस डॉलर नको असतात. तो थेट शेतीच्या खात्याची स्लिप मागतो. तुमच्या दोघांच्या. म्हणतो, ‘‘माणसांचे पगार द्यायचेत.’’ माणसं नाहीत, पगार नाहीत, ट्रॅक्टरही विकला, पण तो आकडा घालतो, आपली सही करतो, पेन स्लिपशेजारी सरळ ठेवतो आणि उभा राहतो. पहिल्यांदा मला कळेना. मी स्लिप ओढून घेतली, म्हटलं, ‘‘झालं, ऑर्लिन.’’ त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शुद्धीवर नाही. ‘‘झालं कसं? सेल्मरची सही कुठाय? येतोय तो, ट्रक लावतोय.’’

तुमच्या वडलांनी ते खातं दोन सह्यांचं करून ठेवलं होतं, एकट्याने कुणी पैसे काढू नयेत म्हणून. त्यामुळे दर शुक्रवारी तुम्ही दोघं जोडीने जायचात. ऑर्लिनने बँकेपुढच्या दिव्याच्या खांबावर ट्रक दोनदा आदळला, तेव्हापासून ट्रक लावायचं काम तुझ्याकडे आलं. शुक्रवारी रस्ता भरलेला असायचा, तुला पार धान्याच्या कोठाराच्या मागे जावं लागायचं. तोवर हा खिडकीपुढे नंबर धरून उभा, मागच्यांना ‘‘तुम्ही व्हा पुढे, आमचा सेल्मर येतोय’’ म्हणत. मग तू दारात बूट आपटत यायचास, अंगावरचा बर्फ झटकत, आणि त्याच्या हातातलं पेन घ्यायचास. मी किती वेळा ते बघितलंय, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

तर तो आता तुझी वाट बघतो. पाय सुजलेत, मी खुर्ची देते, तो बसत नाही. ‘‘रांग सोडता येत नाही,’’ म्हणतो. अर्धा तास गेला की बेचैन होतो. ‘‘आर्डिस, जरा बाहेर बघ ना. बर्फ आहे, घसरला तर नसेल?’’ मी पुढचं दार उघडून रस्ता बघून येते. रस्त्यावर कुणी नसतं. ‘‘येतोय,’’ म्हणते. मग तो पुन्हा उभा. शेवटी गुडघे वाकतात आणि तो खिडकीखाली जमिनीवर बसतो. मला तो उचलवत नाही, शेजारच्या नॉर्मनला बोलवावं लागतं. एकदा तो खाली बसल्या बसल्या रडला. त्याला मी वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलेलं नाही.

मी एक गोष्ट करून बघितली. दोन आठवड्यांपूर्वी तो दाराकडे बघत असताना मी स्लिप खाली घेतली आणि त्याच्या सहीखाली तुझी सही केली. तुझी जुनी कार्डं समोर ठेवून आदल्या दिवशी गिरवली होती, माझ्या मते हुबेहूब. मी म्हटलं, ‘‘ऑर्लिन, सेल्मर येऊन सही करून गेला, तुझं लक्ष नव्हतं.’’ त्याने स्लिप डोळ्यांजवळ नेली. माझा चेहरा ज्याला ओळखू येत नाही, आमच्या लग्नाचा फोटो बघून जो ‘ही कुणाची पोरं?’ म्हणतो, त्याने ती सही एकदा बघितली आणि स्लिप परत सरकवली. ‘‘ही सेल्मरची नाही. तो एस खालून वर काढतो. शाळेत बाईंनी छड्या मारल्या तरी तसाच काढायचा.’’ मग तो माझ्याकडे बघत राहिला, रागाने नाही, दुःखाने. ‘‘आर्डिस, तुला मी इतकी वर्षं ओळखतो. तू असं करशील असं वाटलं नव्हतं.’’ आणि त्याने टोपी घातली. संपूर्ण दिवस तो त्या खिडकीकडे फिरकला नाही. मी तिथे स्वेटर घालून उभी होते. लोकांचं खातं बंद होतं तेव्हा काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या शुक्रवारी तो ते विसरला होता. कालही आला, काल शुक्रवार होता. काल तो पाऊण तास उभा राहिला.

मला माहीत आहे की तुमचं ते खातं चौदा वर्षांपूर्वी बंद झालं. बंद करायलाही दोन सह्या लागल्या, त्या शुक्रवारी तुम्ही वेगवेगळ्या ट्रकमधून आलात. बायको वाचावी म्हणून, लॉरेनच्या उपचारांसाठी तू तुझी अर्धी जमीन विकलीस, आणि त्यावर ऑर्लिन भर बँकेत, सगळ्या गावादेखत जे बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुला ते पाठ असणार. तू सही केलीस आणि गेलास. तो लॉरेनला माती द्यायलाही आला नाही. त्यानंतर तू आमच्याशी संबंध ठेवला नाहीस, यात तुझं काहीच चुकलं नाही. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, आता म्हणते. त्या आजाराने त्याच्याकडून काय काय नेलं. माझं नाव नेलं, जॅनेलचं नेलं, घर कुठलं ते नेलं. तो शुक्रवारही नेला. बाकी सगळ्याबद्दल मी देवाशी भांडते, त्या एकाबद्दल भांडत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ग्राफ्टनच्या वृद्धाश्रमात खाट रिकामी झाली आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी त्याला न्यायचं आहे, मला आता झेपत नाही. तिथे खिडकी नाही, आणि रोग्यांपाशी पैसे ठेवू देत नाहीत. हे पत्र तुला मिळेपर्यंत पुढचा शुक्रवार जाईल. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा, तो एकच उरतो. सोबत एक स्लिप ठेवली आहे, वरची सही कालच त्याने केली आहे, कशी थरथरली आहे बघ. तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलं आहे. स्लिपवर तुझी सही करून पाठव, एवढं मागते. एस खालून वर काढायचा. आणि तुझी तब्येत बरी असेल, आणि मनाला पटलं, तरच दुसरी गोष्ट. फार्गोच्या विमानतळावर नॉर्मन तुला घ्यायला येईल, त्याच्याशी बोलले आहे. सकाळी दहाला पुढच्या दाराने ये, बूट आपट. तिथे तुला तुझी माफी मिळणार नाही, सेल्मर, ती तुला त्याच्याकडून हवी होती आणि मी ती आणून देऊ शकत नाही. तो जमिनीचं विचारणार नाही, लॉरेनचं विचारणार नाही, इतकी वर्षं कुठे होतास तेही विचारणार नाही. हातातलं पेन पुढे करून तो फक्त म्हणेल, ‘‘ट्रक लावायला इतका वेळ?’’

तुझीच वहिनी,
व्हर्ना